वैर मनी

माझ्या सासूबाई, राहीबाई, रोज तिन्हीसांजेला त्रिशरण-पंचशील म्हणायच्या आणि ते अशा आवाजात म्हणायच्या की वाटेवरची जनावरं बुजावीत. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. एकदा गावातले बागायतदार आप्पासो यांची उसाची गाडी आमच्या दारावरून चालली होती, आणि सासूबाईंचं पहिलं शील सुरू होताच त्यातला एक बैल जो अडला तो पाचवं शील संपेपर्यंत हलला नाही. गाडीवान हात जोडून म्हणाला, "मावशे, आवरा की वाईच." सासूबाईंनी आवाज आणखी चढवला.

समोर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असायची, मेणबत्ती तेवत असायची, पण सासूबाईंचं तोंड तसबिरीकडे नसायचंच. ते असायचं उजव्या हाताच्या भिंतीकडे.

त्या भिंतीपलीकडे अंबूआत्या राहायच्या. अंबूबाई म्हणजे सासूबाईंची पाठची सख्खी बहीण, आणि सख्खी जाऊही. दोघी बहिणी एकाच मांडवात दोघा भावांना दिल्या होत्या. दोघींचे नवरे आता नव्हते. मधे राहिली ती भिंत, आणि सतरा वर्षांचा अबोला.

मी एकाहत्तर साली लग्न होऊन या घरात आले. गाव कडेगावपासून तीन मैलांवर, येरळेच्या काठी. माझं माहेर वाईचं. मी गावातल्याच शाळेत पहिलीचा वर्ग घेत होते, आणि नवरा सोपान विट्याच्या डेपोत कंडक्टर, म्हणजे आठवड्यातले चार दिवस एसटीत. घरात राहायचो आम्ही दोघी आणि एक म्हैस. ही म्हैस फार कामाची होती, दुधासाठी नव्हे, निरोपासाठी. सासूबाई अंगणात उभ्या राहून तिला मोठ्यानं सांगायच्या, "म्हशे, लोकांच्या कोंबड्या आपल्या वैरणीत शिरल्यात गं!" की पलीकडून अंबूआत्या आपल्या कोंबड्यांना म्हणायच्या, "चला गं बायांनो घरला, मालकिनीचं डोस्कं फिरलंय." या दोघींचं इतकं बोलणं व्हायचं की अबोला नसता तर कसं झालं असतं, असं मला वाटायचं. मला हसूही यायचं आणि रागही. खरं सांगायचं तर रागच जास्त. मला फार लवकर राग येतो, आणि सासूबाईंवर तर तो उठल्यापासून निजेपर्यंत यायचा. त्यांचा सगळा दिवस माझ्या चुका काढण्यात जायचा, त्यातही म्हशीला वेळेवर चारा पडला नाही ही एक चूक रोजची.

चौऱ्याहत्तर सालचा फेब्रुवारी महिना. अंबूआत्यांचा आवाज वर्षभर बसलेलाच होता. आम्हाला वाटायचं मिश्री लावून लावून घसा धरला असेल. त्यांचा जालिंदर लष्करातून सुट्टीवर आला, त्यानं आईला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, आणि गुरुवारी दुपारी दोघं परत आली. मी शाळेतून येत होते. जालिंदर वाटेतच भेटला. सहा फुटी गडी, पण तोंड उतरलेलं.

"वैनी, गळ्यात गाठ हाय," तो म्हणाला. "डाक्टर म्हनला, बोलायची पेटीच काढाय लागंल. जीव वाचंल, पर बोलनं बंद. कायमचं. सोमवारी आपरेशन हाय. ऐतवारी सकाळच्या गाडीनं निगायचं."

दप्तर तसंच काखेत धरून पळत घरी आले. सासूबाई सुपात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांच्या हातातलं सूप थांबलं. दोन-चार दाणे खाली सांडले, ते त्यांनी वेचून पुन्हा सुपात टाकले, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

"आत्याबाई, ऐकलंत ना? सोमवारनंतर त्यांना बोलता येणार नाही. आजच जा, काय असेल ते बोलून घ्या."

"न्हाई."

"अहो, सख्खी बहीण आहे!"

"मला का ठाव न्हाई? पर न्हाई जमायचं. शील मोडंल."

मी दप्तर खाली ठेवलं. "कुठलं शील?"

"पयलंच की. तू मास्तरीन हाईस, तुला ठाव न्हाई? पान्यात पाता, वैर मनी, शिक्का पडं समद्यांमी."

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी शांतपणे पुन्हा म्हटलं, शब्द न् शब्द तसाच. मी तीन वर्षं रोज हे ऐकत होते! पण कान आपल्या ओळखीचंच ऐकतो. आमच्याकडे बोलताना णचा न होतो, म्हणून मी मनातल्या मनात 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' असं दुरुस्त करून ऐकत होते. आणि त्या मात्र स्वतःचंच म्हणत होत्या.

"म्हणजे काय हो त्याचं?" मी भीत भीत विचारलं.

"म्हंजे काय? पान्यात टाकलं, त्येचं वैर मनी. मनात ठिवायचं. शिक्का पडला पायजे त्येच्यावर, पुसता कामा न्हाई. समद्यांमी, म्हंजे समद्यांनी."

मग त्यांनी सांगितलं. तुकड्या-तुकड्यांनी मी ते आधी लोकांकडून ऐकलं होतं, त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. सत्तावन्न साली आमच्या वाड्यानं, म्हणजे सगळ्या वस्तीनं, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाहेरगावाहून बौद्धाचार्य आले, एका दुपारी सगळ्यांना त्रिशरण आणि पंचशील दिलं आणि पुढच्या गावाला गेले. पुरुष पुढं, बायका मागं. मागं जेवढं ऐकू आलं तेवढं बायकांनी पाठ केलं. नंतर घराघरातले देव पाटीत घालून येरळेच्या डोहाकडे निघाले. निघताना कोणीतरी विचारलं, कुणाच्या घरात काही राहिलंय का? सगळे गप्प. आणि अंबूआत्या पुढं होऊन म्हणाल्या, "आक्काच्या कनगीत एक हाय."

कणगीत ज्वारीखाली लपवलेला तो देव नव्हता. पैशाएवढा चांदीचा टाक होता, सासूबाईंच्या पहिल्या लेकीच्या नावानं केलेला. ती अंजना, लाडानं अंजनी, तीन वर्षांची होऊन तापात गेली होती. तिची आठवण म्हणून दुसरं काहीच नव्हतं. फोटो कुठला असायला त्या काळी! लोकांनी कणगीत हात घातला, टाक काढला, आणि बाकीच्यांबरोबर डोहात टाकला.

"त्येच सांजेला मी शील म्हनाय बसले," सासूबाई म्हणाल्या, "आनी पयलाच शबुद आला, पान्यात. माज्या अंगावर काटा आला, सुमे. म्हनलं, भगवंतांना सुदीक कळलं."

माझ्याही अंगावर काटा आला होता. पण मी पडले मास्तरीण, पुढचं विचारल्याशिवाय मला राहवेना. "आणि बाकीची चार?"

त्यांनी बोटं धरली. दुसरं 'दिना दाना', म्हणजे खळ्यावर ज्यांनी दाणा दिला नाही त्यांचं वैर. दीक्षेनंतर वाड्यानं गावकीची कामं सोडली, तसे आप्पासोंच्या खळ्यावरचे दाणे बंद झाले होते. चौथं मुसावादा, म्हणजे मुसाचं. मुसाभाई हा फण्या, सुया-दोरे विकत दारोदार फिरणारा म्हातारा.

"त्यानं काय केलं तुमचं?"

"काय बी न्हाई. लय गरीब मानूस. पर नेम म्हंजे नेम. सतरा वर्सं त्येच्याकडनं साधी सुई घेतली न्हाई मी. कवा कवा वाईट वाटतं. बिचारा रामराम घालतो अन् मी तोंड फिरवती."

पाचवं दारूचं, ते त्यांना बरोबर कळलं होतं. नवरा दारूनंच गेला होता. पण मधलं एक बोट त्यांनी तसंच सोडलं होतं.

"आणि तिसरं?"

"ऱ्हाऊ दे."

"सांगा की!"

"कामं सुमीचा चारा," त्या खाली बघत म्हणाल्या.

मला क्षणभर काही कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा बसल्या जागी हबकले. कामेसुमिच्छाचारा! "सुमी म्हणजे? मी?"

"तू यायच्या आदी चौदा वर्सं नुसतंच म्हनत हुते. वाटायचं, कोन असंल बया ही सुमी? मग सोपान्यानं तुला आनलं. नाव इचारलं तर सुमित्रा. म्हनलं, आली बाई. आनी आल्यापास्नं बग, येक दिस म्हशीला येळंवर चारा पडला न्हाई तुज्या हातनं."

म्हणजे तीन वर्षं, रोज संध्याकाळी, मेणबत्ती लावून, ही बाई माझं वैर मनात धरण्याची शपथ घेत होती आणि मी मागं हात जोडून बसत होते! मला हसू फुटलं. साधंसुधं नव्हे, मी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आणि हसता हसता, पहिलीच्या पोराची पाटी पुसावी तसं सगळं पुसून टाकलं.

"अहो आत्याबाई, वैर मनी नव्हे, वेरमणी! वेरमणी म्हणजे लांब राहणं. जीव घेण्यापासून मी लांब राहीन, हे शिकायचं मी मनावर घेते, असं आहे ते. न दिलेलं घेण्यापासून, वाईट चालीपासून, खोटं बोलण्यापासून, दारूपासून लांब राहीन. वैराचा काही संबंधच नाही. तुम्ही सगळं उलटं म्हणताय."

त्या हसल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे भगवंतांनी वैर ठिवाय सांगिटलं न्हाई?"

"नाही."

"पाचांचं न्हाई?"

"नाही हो."

"येकाचं बी?"

आता माझं हसू आटलं. "एकाचंही नाही," मी म्हटलं.

त्यांनी सुपातली ज्वारी हातानं सारखी केली. मग म्हणाल्या, "सुमे, आमाला आदी वैर धरायची सुदीक मुभा न्हवती. कुनी मारलं तरी जोहार, कुनी शिवी दिली तरी जोहार. वैर धरायला बी मानूस असावं लागतं. म्हनून मला वाटलं, आता मानूस झालो, तर भगवंत म्हनत्यात, घ्या, पाच वैरं ठिवा. पाचच. जास्ती न्हाई. मला लय बरं वाटलं हुतं तवा."

वाईला माझे वडील शाळेत शिपाई होते. ते नेहमी सांगायचे, नदीच्या घाटावर अर्थ न कळता पुष्कळ म्हटलं जातं, आपण अर्थासकट म्हणायचं. मी अर्थासकट म्हणत होते, पण या बाईनं सतरा वर्षं जसं प्राणपणानं म्हटलं तसं मी एक दिवसही म्हटलं नव्हतं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

त्या संध्याकाळी आमच्या घरात मेणबत्ती लागली नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. सासूबाई चुलीपुढं बसून होत्या. घर इतकं शांत होतं की म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं. तेवढ्यात भिंतीवर ठक ठक झालं. कोणीतरी पलीकडून पळीनं वाजवत होतं. सासूबाईंनी वर बघितलं, पण उठल्या नाहीत. थोड्या वेळानं जालिंदर दारात आला.

"वैनी, आई इचारतीया, आज आवाज का न्हाई? मोठ्या आईला बरं न्हाई का?"

मी त्याच्याबरोबर पलीकडे गेले. अंबूआत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात पळी तशीच. आवाज म्हणजे नुसती घरघर होती, जवळ बसावं लागलं.

"आज का म्हनली न्हाई आक्का?"

मी सांगितलं. टाकाची गोष्ट, वैर मनी, सगळं. वाटलं, त्यांना धक्का बसेल. धक्का बसला तो मलाच.

"ठाव हाय मला," अंबूआत्या म्हणाल्या. "भिंतीतनं समदं ऐकू येतं. साठ साली मी साताऱ्याला मेळाव्याला गेले हुते, तितं भंतेंनी अर्थ सांगिटला. तवाच कळलं की आक्का उलटं म्हनतीया."

"चौदा वर्षं तुम्हाला माहीत होतं? मग कळवलं का नाही? जालिंदरकडून, कुणाकडूनही!"

त्यांनी पळी खाली ठेवली. "कळीवलं असतं तर तिनं म्हनायचं सोडलं असतं. रोज सांजच्याला पयलं नाव माजं घेती, पान्यात म्हंजे मीच की. लेकाच्या आदी, समद्यांच्या आदी. वैराचं का हुईना, मनात तर ठिवती न्हवं? मी रोज हितं भिंतीला टेकून बसती त्या टायमाला. मालक गेलं तवा बी बसले. ती कोकलती, मला बरं वाटतं."

मी हात जमिनीला टेकून बसले. हे असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. अबोल्याची ही भिंत म्हणून मी जिची टिंगल करत होते, तिला टेकून एक बाई चौदा वर्षं आपलं नाव ऐकत होती.

"त्या दिसाचं बी सांगती," त्या म्हणाल्या. "नुकतंच शील घेतलं हुतं, खोटं बोलनार न्हाई म्हनून. घेऊन घटका झाली न्हवती, अन् लगीच इचारलं, कुनाच्या घरात काय हाय का? मला खोटं बोलता येईना, सुमे. नुसतं गप बसले असते तरी चाललं असतं, हे मागनं कळलं." मग माझ्याकडे टक लावून म्हणाल्या, "तू तिला अर्थ सांगिटलास व्हय?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मग आता मी तिच्या मनात बी न्हाई," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी घरी आले. एका दुपारी शहाणपणा करून मी एका बहिणीचा नेम मोडला होता आणि दुसरीचा आधार काढून घेतला होता. आणि हातात उरले होते अडीच दिवस.

शुक्रवार गेला. सासूबाई बोलल्या नाहीत, धड जेवल्या नाहीत. शनिवारीही तेच. मी रागावले, समजावलं, हात जोडले. शेवटी शनिवारी संध्याकाळी, मेणबत्तीच्या वेळेला, मी त्यांच्यापुढं बसून अंबूआत्यांचं शब्द न् शब्द सांगितलं. भिंतीला टेकून बसणं, पहिलं नाव, आणि शेवटचं 'आता मी तिच्या मनात बी न्हाई'.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "दोन दिस झालं बगतीया, सुमे. वैर काढलं तर मागं काय ऱ्हातं, ते बगतीया. सतरा वर्सं त्येच भरलं हुतं."

"मग? काय राहतं?"

"अंबी," त्या म्हणाल्या. "नुसती अंबी हाय बग आत."

रविवारी सकाळी अंबूआत्या आणि जालिंदर एसटीच्या थांब्यावर आले, तर सासूबाई बोचकं घेऊन आधीच तिथं उभ्या. त्यांना बघून अंबूआत्या जागच्या जागी थबकल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता बोलतील. पण सतरा वर्षांची सवय लागलेली जीभ वळेना. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमे, कुनाला तरी सांग, गळ्याला फडकं गुंडाळ म्हनावं. वारं लागंल." अंबूआत्या जालिंदरला म्हणाल्या, "कुनाला तरी सांग रं, खिडकीशी बस म्हनावं. गाडी लागती तिला." मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. तिथं तर म्हैसही नव्हती!

विटा, तासगाव, सांगली, मिरज. दोघी एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसल्या आणि शब्द बोलल्या नाहीत. रात्री सासूबाई वॉर्डात बहिणीच्या खाटेखाली चटई टाकून निजल्या, मी आणि जालिंदर बाहेरच्या ओट्यावर.

सोमवारी सकाळी नर्सबाईंनी येऊन सांगितलं, अर्ध्या तासात न्यायचं. जालिंदर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी सासूबाईंकडे बघत होते. त्या चटईवरून उठल्या, पदर सावरला, आणि खाटेसमोर खाली उकिडव्या बसून हात जोडले.

"अंबे," त्या म्हणाल्या.

सतरा वर्षांनी. अंबूआत्यांच्या अंगातून शहारा गेलेला मी बघितला.

"अंबे, मी चुकीचं म्हनत हुते. मला शिलं बरुबर दे. तुज्या तोंडानं दे."

आमच्यात शील देणाऱ्यानं आधी म्हणायचं आणि घेणाऱ्यानं मागून म्हणायचं अशी रीत आहे. भंते देतात, बौद्धाचार्य देतात. धाकट्या बहिणीनं थोरलीला दिलेलं मी ऐकलं नव्हतं. अंबूआत्यांनी उशीवरून मान उचलली. ती घरघर ऐकायला सगळ्यांना जवळ यावं लागलं.

"पाणातिपाता," त्या म्हणाल्या.

"पान्यात पाता," सासूबाई म्हणाल्या.

"वेरमणी."

"वैर..." आणि सासूबाई थांबल्या. जीभ जुन्या वाटेनं चालली होती. अंबूआत्यांनी हात लांब करून त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं आणि पुन्हा म्हटलं, सावकाश, "वेर-म-णी. लांब ऱ्हायाचं, आक्का."

"वेरमणी," सासूबाई म्हणाल्या. "लांब ऱ्हायाचं. पर तुज्यापास्नं न्हाई."

पाचही झाली. तिसऱ्याला अंबूआत्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं, हसताना खोकल्याची उबळ आली. नर्सबाई दारात येऊन उभी राहिली होती, पण तिनं घाई केली नाही. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली होती. मग ढकलगाडी आली, दोघांनी अंबूआत्यांना उचलून तिच्यावर घेतलं. सासूबाई त्यांचा हात धरून दारापर्यंत गेल्या.

"आनी काय बोलायचं ऱ्हायलंय का गं?" त्यांनी वाकून विचारलं.

अंबूआत्यांनी होय म्हणून मान हलवली. श्वास घेतला. जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा सगळा गोळा केला असावा, कारण हा शब्द घरघरीत नव्हता, चांगला स्पष्ट होता.

"अंजनी," त्या म्हणाल्या.

गाडी आत गेली, दार मिटलं. जालिंदरनं मला हळूच विचारलं, "अंजनी कोन?" "मोठ्या आईची लेक," मी म्हटलं. सासूबाई मिटलेल्या दाराकडे बघत उभ्या होत्या. सतरा वर्षांत त्यांच्या लेकीचं नाव दुसऱ्या कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं, आमच्याही नाही. त्या तिथंच दाराशी खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. लेक गेली त्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या म्हणे.

अंबूआत्या वाचल्या. महिन्यानं घरी आल्या, गळ्याला फडकं, आणि आवाज नाही. परतीच्या गाडीत सासूबाई मला म्हणाल्या, "सुमे, तुजं वैर सोडलं बग मी. वैरण टाकायची मातूर तू सोडू नगंस." त्याच आठवड्यात मुसाभाई दारात आला, तर त्यांनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि एकदम दोन डझन सुया घेतल्या. म्हातारा इतका हबकला की सुया मोजायलाच विसरला. आप्पासोंचं काय केलंत, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "त्येचं अजून जरा अवगड जातंय. शिकतीया." मी शाळेत पोरांना तेच सांगते, चुकलं तर पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. सासूबाईंना वेगळं काय सांगणार?

घर तेच आहे, म्हैस तीच आहे, चुलीचा धूर तोच आहे. पण आता सकाळी उठलं की सासूबाई गाणं गुणगुणताना ऐकू येतात आणि मला अजूनही दचकायला होतं.

भिंत आहे तिथंच आहे, पण संध्याकाळी तिकडे तोंड करून कोणी बसत नाही. अंबूआत्या इकडे येतात. मेणबत्ती लावतात, आणि रीतीप्रमाणे त्याच आधी म्हणतात. त्यांचे नुसते ओठ हलतात, काहीच ऐकू येत नाही. सासूबाई त्या ओठांकडे नीट बघतात आणि मागून म्हणतात, पूर्वीच्याच आवाजात. मी म्हशीला चारा टाकून येते आणि दोघींच्या मागं बसते.